इनटेक मॅनिफोल्डची गळती: गॅस्केट कोणतं, सीलंट कुठे आणि कुठे मुळीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटून नेणारा नळ्यांचा भाग. थंड इंजिन सुरू केलं की अडखळतं, आयडलिंगला रेस वर-खाली होते, पाच-सात मिनिटांत सुधारतं. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. मेकॅनिकने मॅनिफोल्डचे बोल्ट दोनदा आवळून दिले, फरक पडला नाही. आता मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट, बदलायचं ठरलंय. विचारणाऱ्याला हवंय ते असं: कागदी, रबरी की धातूचं गॅस्केट घ्यावं, सीलंट (जोड बंद करायला ट्यूबमधून लावायचा लेप) काळं, करडं की लाल, आणि दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं तर पुन्हा गळणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. तुमच्या मॅनिफोल्डला सीलंट लावायचं नाही, अगदी थोडंसुद्धा नाही. आणि गॅस्केट कागदी की धातूचं हा पर्यायही तुमच्या हातात फारसा नाही. कंपनीने मॅनिफोल्डचा फेस, म्हणजे इंजिनाला टेकणारा पृष्ठभाग, ज्या प्रकारच्या सीलसाठी घडवलाय, तोच प्रकार तिथे बसतो. तुमच्या हातात आहे ते वेगळं: गळती नक्की तिथेच आहे का हे तपासणं, सीलचं रबर चांगल्या प्रतीचं घेणं, दोन्ही फेस स्वच्छ आणि सपाट असल्याची खात्री करणं आणि बोल्ट बेताने आवळणं.

आधी गळतीबद्दल. पी०१७१ चा अर्थ इतकाच, की मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडतंय. ही जादा हवा मॅनिफोल्डच्या सीलमधून येते की आणखी कुठून, ते कोड सांगत नाही. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) फुगून चिरलेली नळी, ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप, थ्रॉटल बॉडीखालचं (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेखालचं) पॅकिंग, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग्ज (रबरी कड्या), टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा कॅनिस्टर पर्जचा उघडाच राहिलेला व्हॉल्व्ह, यांतलं काहीही असू शकतं. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड दोन अर्धे वितळवून जोडलेला असतो. तो जोड सुटला किंवा प्लॅस्टिकलाच बारीक तडा गेला, तर नवं गॅस्केट घालून काहीच साधणार नाही. मॅनिफोल्ड बदललाय, पैसे गेलेत आणि दोष होता तो अंगठ्याएवढ्या वळणाच्या रबरी नळीत, अशा गाड्या माझ्याकडे नेमाने येतात.

तरीही तुमच्या वर्णनातल्या एका गोष्टीमुळे मला सीलचाच संशय आहे. थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर आराम. रबर थंडीत धातूच्या कितीतरी पट जास्त आकसतं. नवं सील खाचेपेक्षा उंच असतं आणि दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे ते आकसलं तरी फेसला टेकून राहतं. वर्षानुवर्षं दबून आणि तापून रबर कडक झालं, की त्याला त्या दबलेल्या आकाराचीच सवय लागते आणि उलट दाबण्याची ताकद संपते. मग थंड इंजिनात केसाएवढी फट पडते, इंजिन तापलं की रबर फुगून ती बुजवतं. थंड इंजिनाला मुळातच गाढ मिश्रण लागतं, हाही भाग त्यात आहे, पण रोज ठरावीक मिनिटांनी आराम पडतोय म्हटल्यावर सीलकडेच आधी बघावं.

खात्री कशी करायची? स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) या दोन्हींची बेरीज निरोगी इंजिनात शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे ५ ते १० टक्क्यांत असते. आयडलिंगला ती अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ अशी उतरत असेल, तर हवा चोरून आत येतेय. फट तेवढीच राहते, पण आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, म्हणून चोरहवेचा वाटा तिथे मोठा दिसतो. रेस वाढवली की तोच वाटा नगण्य होतो. याउलट लोड वाढेल तसे आकडे चढत गेले, तर मॅनिफोल्ड सोडा आणि इंधनाचा दाब, फिल्टर, एअर फ्लो सेन्सर यांच्याकडे वळा. एक अट लक्षात घ्या: हे एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनाला लागू आहे. जिथे फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे आत आलेली हवा दाबातच मोजली जाते. ट्रिम फारसं हलत नाही, आयडलिंगची रेस मात्र चढून बसते.

जागा शोधायला स्मोक टेस्टसारखी दुसरी तपासणी नाही. मॅनिफोल्डमध्ये अगदी कमी दाबाने, १ पीएसआयच्या आतच, धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून बघतात. तुमच्या बाबतीत ती थंड इंजिनावरच करून घ्या, गरम झाल्यावर फट सापडणार नाही. स्मोक मशीन नसेल तर पाण्याचा बारीक फवारा जोडाच्या कडेकडेने मारून इंजिनाचा आवाज ऐका. फट पाण्याने क्षणभर बुजली की रेस बदलते. इग्निशन कॉइल आणि वायरिंगच्या कनेक्टरांवर पाणी जाऊ देऊ नका. कार्ब क्लीनरचे फवारे मारताना मी लोकांना पाहतो, त्याने गळती सापडते हे खरं, पण गरम एक्झॉस्टजवळ ज्वालाग्राही फवारा मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी ते करत नाही, शिकाऊ मुलांनाही करू देत नाही.

आता गॅस्केट. माझी विचार करायची पद्धत अशी, की आधी बघायचं या जोडाच्या आत काय वाहतं आणि दोन फेस कशाचे आहेत. तुमच्यासारख्या सरळ चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत त्या जोडातून फक्त हवा, पेट्रोलची वाफ आणि पीसीव्हीतून आलेली तेलाची वाफ जाते. काही इंजिनांत, विशेषतः सिलिंडर दोन तिरक्या रांगांत असलेल्या व्ही-६ आणि व्ही-८ मध्ये, कूलंटचे मार्गही मॅनिफोल्डमधून जातात आणि मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडा इंजिनातलं तेल अडवतात. एकाच जोडात हवा, कूलंट आणि तेल, म्हणजे तीन वेगळ्या गरजा. तुम्हाला मिळालेले उलटसुलट सल्ले बहुधा यामुळेच आहेत. व्ही-८ वर काम केलेला माणूस सीलंट लाव म्हणतो ते त्याच्या इंजिनासाठी बरोबरच असतं.

प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला फेसवर खाच असते आणि तिच्यात प्रत्येक पोर्टभोवती (सिलिंडरकडे हवा जाणाऱ्या भोकाभोवती) फिरणारं घडीव रबरी सील बसतं. अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला बहुधा सपाट फेस असतो, त्याला रबराचा थर दिलेलं पातळ स्टीलचं किंवा चौकटीवर रबराच्या कडा घडवलेलं गॅस्केट येतं. जुन्या ओतीव मॅनिफोल्डना कागदी किंवा फायबरचं पॅकिंग असतं. ते फेसवरचे बारीक चरे भरून काढतं, म्हणून खडबडीत फेसला ते चालतं, पण ओलं-सुकं होऊन बसतं आणि कालांतराने त्याची जाडी कमी होते. एकाच्या जागी दुसरं घालायचा मोह टाळा. खाच असलेल्या प्लॅस्टिकच्या फेसवर कापून केलेलं कागदी पॅकिंग टेकतच नाही. व्ही इंजिनात तर जाडी बदलली तरी घोटाळा होतो: मॅनिफोल्ड दोन उतरत्या फेसांच्या मध्ये बसतो, गॅस्केट जाड झालं की तो वर उचलला जातो, पोर्ट जुळत नाहीत आणि बोल्ट तिरके जातात.

रबराची प्रत मात्र तुम्ही निवडू शकता, आणि पैसे वाचवायची जागा ही नव्हे. साधं नायट्राइल रबर तेलाला चांगलं टिकतं, पण १०० ते १२० अंशांच्या पुढे सतत राहिलं की कडक होत जातं. सिलिकोन २०० अंशांपर्यंत आणि कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं, पण पेट्रोलला ते सोसत नाही, फुगतं. फ्लोरोकार्बन, म्हणजे एफकेएम, उष्णता आणि इंधन दोन्ही झेलतं. कडाक्याच्या थंडीत मात्र त्याच्या साध्या प्रती ताठरतात. मूळ कंपनीने जे वापरलंय ते या सगळ्याचा हिशेब करून निवडलेलं असतं. म्हणून माझा सल्ला: मूळ कंपनीचं सील घ्या, किंवा गॅस्केटच बनवणाऱ्या नामांकित कंपनीचं घ्या, आणि पार्ट नंबर चासिस नंबरवरून जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या इंजिनांत खाचेची खोली वेगळी असू शकते. सुधारित सील निघालेलं असेल, तर त्याचा नंबर जुन्यापेक्षा वेगळा असतो, तेही विचारून घ्या. इंजेक्टरच्या ओ-रिंग्ज आणि थ्रॉटल बॉडीचं सील त्याच वेळी बदला, सगळं उघडलेलंच असतं.

बोल्ट आवळून फरक का पडला नाही, याचं उत्तरही याच रचनेत आहे. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डच्या प्रत्येक भोकात धातूची बाही बसवलेली असते. बोल्ट आवळला की ही बाही हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) टेकते आणि प्लॅस्टिकचा फेस तिथेच थांबतो. सील किती दबायचं ते खाचेची खोली आणि सीलची उंची ठरवते; ते साधारण पाव भाग दबावं अशी योजना असते. बाही टेकल्यानंतर पुढे कितीही जोर लावला तरी सीलवर काडीचाही जास्त दाब येत नाही. बोल्ट ताणला जातो, नाहीतर हेडचे आटे जातात. दोनदा आवळून झालंय, तर काढताना प्रत्येक बोल्टचे आटे नीट बघा. आट्यांच्या खाचांत अॅल्युमिनियमचा चुरा अडकलेला दिसला, तर त्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, घालायची तयारी ठेवा.

सीलंटला इतका ठाम नकार का, ते आता सांगतो. रबर दाबलं तर त्याचा आकार बदलतो, घनफळ कमी होत नाही. त्याला बाजूला पसरायला खाचेत रिकामी जागा ठेवलेली असते. ती जागा सीलंटने भरली, की सील नीट दबत नाही, कुठे वर उचललं जातं, कुठे खाचेबाहेर निसटतं. ओलं सीलंट निसरडंही असतं, त्यामुळे आवळताना सील सरकतं. आणि ज्या साध्या तापमानाला आपोआप सुकणाऱ्या सीलंटला सगळे आरटीव्ही सिलिकोन म्हणतात, त्याला पेट्रोलचं वावडं आहे. पेट्रोलच्या वाफेत ते फुगतं, लिबलिबीत होतं आणि त्याचे तुकडे सुटतात. इनटेकच्या बाजूचा तुकडा सुटला तर तो थेट व्हॉल्व्हकडे ओढला जातो. शिवाय साध्या सिलिकोनमधून सुकताना निघणारी वाफ जळून ऑक्सिजन सेन्सरवर सिलिकाचा पांढरट थर बसतो आणि सेन्सर मंद होतो. ट्यूबवर सेन्सर-सेफ लिहिलेलं असतं ते याचसाठी.

सीलंट जिथे लागतं तिथे ते हवंच. व्ही इंजिनात मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडांना, जिथे ब्लॉक आणि मॅनिफोल्ड यांच्यात फट राहते, आणि हेड-ब्लॉक-मॅनिफोल्ड असे तीन भाग भेटतात त्या कोपऱ्यांत. तिथे तेल अडवायचं असतं, पेट्रोल नव्हे, आणि तेल सोसणारं न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) आरटीव्ही ते काम चोख करतं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकोन इंजिनाला लावू नका, त्यातलं आम्ल धातू खातं. मॅनिफोल्ड कोरडा ठेवून फट मोजा आणि सीलंटची दोरी त्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर उंच घाला, मधे तुटू न देता. आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकतं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. म्हणून जाड थर लावून संध्याकाळीच गाडी हाणणं बरोबर नाही. लावल्यावर किती मिनिटांत जोडायचं ते ट्यूबवर वाचा, वरची साय धरण्याआधी जोडणं हा सर्वसाधारण नियम. कूलंटच्या भोकांभोवती सीलंटची पातळ कडा काही जुन्या इंजिनांना सांगितलेली असते, पण ती मॅन्युअलमध्ये असेल तरच.

काळं, करडं, लाल या रंगांचा अर्थ कुठेही ठरलेला नाही, प्रत्येक कंपनी आपापले रंग वापरते. साधारणपणे काळं तेलाला, करडं ताठ आणि जास्त टॉर्कच्या (आवळण्याच्या जोराच्या) जोडांना, लाल जास्त तापमानाला असं विकलं जातं. लाल म्हणजे सगळ्यात भारी हा समज सोडा, इनटेकच्या बाजूला तेवढं तापमानच नसतं. अॅनएरोबिक सीलंट ही तिसरीच जात आहे. ते हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श असल्यावर सुकतं, फक्त मशीन केलेल्या दोन धातूंच्या फेसांत आणि पाव मिलिमीटरपर्यंतच्या फटीत. प्लॅस्टिकला ते लावूच नका: ते सुकत नाही आणि काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात. कागदी पॅकिंगला न वाळणारं कंपाउंड अगदी पुसट लावायची जुनी पद्धत आहे, तिला माझी हरकत नाही, पण चांगल्या फेसवर कोरडं पॅकिंगही तितकंच टिकतं.

काम करायच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असू द्या, इंधनाचा दाब उतरवा, बॅटरीची ऋण तार काढा. कूलंट मॅनिफोल्डमधून जात असेल तर ते आधी काढा, नाहीतर मॅनिफोल्ड उचलताच पोर्टात सांडेल. मॅनिफोल्ड निघाल्यावर कापडाने काही पुसायच्या आधी थांबा आणि जुन्या सीलकडे बघा. जिथे हवा शिरत होती तिथे सीलवरून धुळीची किंवा तेलाची बारीक काळसर रेघ बाहेरून आत आडवी गेलेली असते. बाकी सगळीकडे रबराची पट्टी स्वच्छ आणि सपाट, आणि एका ठिकाणी ती रेघ. ती कुठे आहे ते फोटो काढून ठेवा. एखाद्या बोल्टच्या जवळ असेल तर तो बोल्ट किंवा त्याचे आटे संशयित. दोन बोल्टांच्या बरोबर मध्ये असेल तर फेस वाकलाय का बघायचं. आणि रेघ कुठेच नसेल, तर गळती बहुधा दुसरीकडेच आहे, मॅनिफोल्ड तडे शोधायला उजेडात धरा. सीलही नखाने दाबा. नवं रबर दबून वर येतं, मेलेलं रबर नखाचा व्रणही घेत नाही, आणि त्याची कड चौकटीच्या पातळीला येऊन बसलेली असते.

फेस साफ करण्यात घाई नको. सगळ्या पोर्टांत स्वच्छ कापडाचे बोळे भरा, किती भरले ते मोजा आणि शेवटी तेवढेच काढा. प्लॅस्टिकचा स्क्रेपर वापरा, लोखंडी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तोच गळतीचा नवा रस्ता. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वेळ वाचवतात, पण त्यांची कणी उडून तेलात जाते आणि बेअरिंग खाते. ती चूक लाखाची पडते, म्हणून माझ्या टेबलावर त्या चकत्या नाहीतच. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही फेस पुसा आणि सुकू द्या. मग स्ट्रेट एज (अचूक सरळ धारेची पट्टी) आडवं, उभं आणि कर्णावर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. किती वाक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच इंजिनांना ०.१ मिलिमीटरच्या आसपास. हेडचा फेस त्यापेक्षा जास्त वाकला असेल तर मशीनिंग करावं लागतं. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड वाकला तर तो बदलायचा, घासून सरळ होत नाही.

बोल्टांची भोकंही साफ करा. बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जाऊन ओतीव भाग फुटू शकतो. एखादं भोक आरपार कूलंटच्या किंवा तेलाच्या पोकळीत उघडत असेल तर त्या बोल्टच्या आट्यांना थ्रेड सीलंट लागतं. सीलंट वापरायची ही आणखी एक योग्य जागा. सील खाचेत कोरडंच बसवा, पिळलेलं नाही ना ते बोट फिरवून बघा. इंजेक्टरच्या ओ-रिंग्जना मात्र इंजिन ऑइलचा एक थेंब चोळा, कोरड्या ढकलल्या तर त्या चिरतात. दोन जुन्या बोल्टांची डोकी कापून मार्गदर्शक खुंट्या केल्या तर मॅनिफोल्ड सरळ आत जातो आणि सील घासत नाही.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून बाहेरच्या दिशेने, आडवे-उभे फिरत, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा. एम-६ च्या (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टाला साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर, एम-८ ला २० ते २५ असा अंदाज असतो, पण तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. ८ ते १२ हे फार कमी वाटतं आणि हात आपोआप पुढे जातो, म्हणून अंदाजाने आवळू नका. बोल्टाच्या आट्यांना तेल लागलं असेल तर त्याच टॉर्कला तो जास्त ताणला जातो, हे लक्षात ठेवा. कागदी पॅकिंग असलेल्या जुन्या इंजिनाला काही दिवसांनी थंड असताना पुन्हा टॉर्क तपासावा. बाही असलेल्या प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला त्याची गरज नाही. सीलंटने जोडलेल्या कडांना तर नंतर हात लावूच नये, जमलेला थर तुटतो.

सगळं जोडल्यावर कोड पुसा, लाँग टर्म ट्रिमची साठवण शून्यावर आणा आणि इंजिन सुरू करा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर होते, कारण तुमची गळती थंडीतच दिसत होती. पहिल्या मिनिटापासून आयडलिंग स्थिर हवं, आणि चार-सहा फेऱ्यांनंतर आयडलिंगचं ट्रिम अधिक-उणे ५ च्या आसपास येऊन बसायला हवं. ते अजूनही अधिक १५ दाखवत असेल तर मॅनिफोल्ड पुन्हा उघडू नका. पीसीव्हीची नळी चिमटीत धरून बंद करा, मग ब्रेक बूस्टरची, मग पर्जची. ज्या नळीला आकडा पटकन खाली येतो, पुढचं काम तिथे आहे.